जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल : नागपूरहून निघणाऱ्यांसाठी भेटीचे सविस्तर नियोजन

नागपूरहून गोव्याला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या कार्यक्रमात जुने गोवे असतेच. पण ते 'गोवा दर्शन' बसच्या यादीतला एक थांबा म्हणून असते. बस अर्धा-पाऊण तास थांबते. तेवढ्यात बॉम जेझू बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातल्या मिशनऱ्याचे अवशेष ठेवलेल्या पेटीसमोरून रांग पुढे सरकते, रस्त्यापलीकडच्या भव्य पांढऱ्या इमारतीपुढे एक फोटो निघतो आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागतो. ती पांढरी इमारत म्हणजे से कॅथेड्रल. त्या इमारतीला निदान अर्धा दिवस द्यायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो : कॅथेड्रलची भेट फसते ती माहितीच्या अभावापेक्षा वेळ चुकल्यामुळे. प्रार्थनेची वेळ आणि उन्हाची दिशा या दोन गोष्टी जुळवून घेतल्या, की बाकीचे सारे सोपे होते.

आधी काय पाहायचे आहे ते स्पष्ट करून घ्या

रस्त्याच्या एका बाजूला बासिलिका आणि दुसऱ्या बाजूला कॅथेड्रल अशी दोन मोठी चर्च जुन्या गोव्यात समोरासमोर असल्यामुळे अनेकांच्या मनात त्यांची सरमिसळ होते. बासिलिका हा पोपने एखाद्या चर्चला दिलेला मान आहे. बॉम जेझूला तो १९४६ मध्ये मिळाला. कॅथेड्रलचे तसे नाही. ज्या चर्चमध्ये त्या धर्मप्रांताच्या बिशपचे, म्हणजे प्रमुख धर्मगुरूचे, आसन असते ते कॅथेड्रल, मग ते आकाराने लहान असो वा मोठे. गोव्याचा धर्मप्रांत १५३३ मध्ये स्थापन झाला आणि एके काळी आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन-जपानपर्यंतचा प्रदेश धार्मिक बाबतीत त्याच्या अखत्यारीत होता. आज गोवा आणि दमणच्या आर्चबिशपांचे अधिकृत आसन याच से कॅथेड्रलमध्ये आहे. म्हणजे ही केवळ पुरातत्त्व खात्याने जपलेली वास्तू नसून चालते प्रार्थनास्थळ आहे, आणि नियोजनाचे सगळे निर्णय या एका वस्तुस्थितीवरून घ्यायचे आहेत.

जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. से कॅथेड्रल हे त्यातले आकाराने सर्वांत मोठे चर्च. लांबी सुमारे ७६ मीटर आणि रुंदी सुमारे ५५ मीटर. झेवियरचे अवशेष मात्र येथे नसतात, ते बासिलिकेत असतात. दर दहा वर्षांनी होणाऱ्या जाहीर दर्शनाच्या काळात तेवढे ते मिरवणुकीने कॅथेड्रलमध्ये आणले जातात. मागचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. परंपरेप्रमाणे पुढचे २०३४ मध्ये यायला हवे. त्याआधी जाणाऱ्याने त्या गर्दीची चिंता करण्याचे कारण नाही.

पहिली तयारी मोहननगरात

गोव्याचे तिकीट काढण्याआधी एका रविवारी सकाळी कामठी रस्त्यालगतच्या मोहननगरात जावे, असा माझा आग्रह आहे. तेथे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे आणि ते नागपूरच्या कॅथलिक आर्चबिशपांचे आसन आहे. ऑटोवाल्याला नुसते 'कॅथेड्रल' म्हणून भागणार नाही, कारण सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे आणि तेही जुने व देखणे आहे. मात्र ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतले. (या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, हे सदरमधून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.) म्हणून 'मोहननगरचे एसएफएस' असे सांगावे.

नागपूरच्या कॅथलिक धर्मप्रांताचा इतिहास गोव्याच्या इतिहासाची शाखा नाही. येथे मिशनरी आले ते फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातल्या आनसीहून, विशाखापट्टणममार्गे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. सेंट फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) हे जिनिव्हाचे बिशप. त्यांच्या नावाने निघालेल्या संघाच्या धर्मगुरूंनी नागपूर-कामठी भागात काम उभारले. १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि १९५३ मध्ये तो आर्चडायोसीज, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत, बनला. पोर्तुगीज राजाच्या खजिन्यातून उभे राहिलेले कॅथेड्रल पाहण्याआधी, राजाश्रयाविना उभे राहिलेल्या मिशनचे कॅथेड्रल पाहिले, तर फरक आपोआप डोळ्यांत भरतो.

मोहननगरला जाण्याचा हेतू वास्तू पाहण्यापेक्षा मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, पाहणे हा असावा. मिस्साचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिल्या भागात बायबलमधील वाचने आणि धर्मगुरूंचे प्रवचन होते, दुसऱ्या भागात वेदीवर भाकर आणि द्राक्षारसाचे समर्पण होऊन ती भाकर पवित्र कम्युनियन म्हणून दिली जाते. लोक कधी उभे राहतात, कधी बसतात आणि कधी गुडघे टेकतात याचा क्रम ठरलेला असतो. बाहेरच्या माणसाने शेवटच्या दोन-तीन बाकांपैकी एकावर बसावे, सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहावे, आणि गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसून राहावे. कोणी हरकत घेत नाही. कम्युनियनसाठी रांग लागते तेव्हा मात्र जागेवरच थांबावे. आपल्याकडे देवळात प्रसाद नाकारणे बरे दिसत नाही, त्यामुळे अनेक जण सद्भावनेने त्या रांगेत जाऊन उभे राहतात. पण कम्युनियन हे बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी करून आलेल्या कॅथलिकांसाठीच असते, आणि बाहेरच्याने ते हातात घेऊन खिशात टाकणे हा त्यांच्या दृष्टीने फार गंभीर प्रकार ठरतो.

मिस्सा संपल्यावर दहा मिनिटे आत थांबून पुढील गोष्टी कोठे आहेत ते शोधावे : बिशपचे आसन, मुख्य वेदी, पवित्र संस्कार (म्हणजे समर्पित भाकर) ठेवलेली लहानशी पेटी व तिच्याजवळ तेवणारा दिवा, बाप्तिस्म्याचे कुंड, पापनिवेदनाची लाकडी खोली, आणि भिंतींवर क्रमाने लावलेली येशूच्या क्रूसमार्गाची चौदा चित्रे किंवा शिल्पे. एवढी ओळख झाली, की से कॅथेड्रलमध्ये शिरल्यावर पाहणारा गोंधळून जात नाही.

कोणता महिना, कोणता वार

जून ते सप्टेंबर गोव्यात धो-धो पाऊस असतो. कॅथेड्रलच्या आत कोरडे राहता येते हे खरे, पण बाहेरचा चौक, बागा आणि टेकडीवरचे अवशेष पाहणे अवघड होते. एप्रिल-मे मध्ये नागपूरकराला गोव्याचे तापमान किरकोळ वाटेल. घाम मात्र किरकोळ वाटणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि त्यातही जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा माझ्या पसंतीचा, कारण नाताळ व नववर्षाची चढी भाडी तोवर उतरलेली असतात.

सण अनुभवायचा असेल तर दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. २५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरीनचा दिवस. कॅथेड्रल तिलाच अर्पण केलेले आहे, कारण पोर्तुगीज सेनापती अल्फोन्सो द अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकले ते १५१० मध्ये याच दिवशी. ३ डिसेंबर हा झेवियरचा दिवस; त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, चालते, कर्नाटक-कोकणातून भाविक पायी येतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजे-चण्यांपासून भांड्यांपर्यंतची दुकाने लागतात. त्या दिवसांत वास्तू निवांत पाहता येणार नाही, माणसे पाहता येतील. दोन्ही एकाच फेरीत साधण्याचा हट्ट धरू नये. डिसेंबरात नागपूरचे हिवाळी अधिवेशनही भरते आणि त्या आठवड्यांत नागपूरहून मुंबईकडे जाणारी विमाने व गाड्या भरलेल्या असतात, ही आपली घरगुती अडचण वेगळीच.

वारांपैकी रविवार टाळावा. सकाळी मिस्सा असते आणि नंतर सहलींच्या बसगाड्या येतात. शुक्रवारी कॅथेड्रलला लागून असलेल्या मठातील पुरातत्त्व संग्रहालयाला सुट्टी असते. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस धरला तर सारेच जुळते.

नागपूर ते करमळी

विमानाने जाणाऱ्यांनी एकच काळजी घ्यावी : गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दक्षिणेकडे दाबोळी आणि उत्तरेकडे मोपा, आणि तिकिटावर कोणता आहे ते पाहूनच मुक्कामाचे ठिकाण ठरवावे.

रेल्वेने जाणाऱ्यांपुढे दोन मार्ग आहेत. नागपूर-मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी विशेष गाडी वर्धा, अकोला, भुसावळ, नाशिक, पनवेल अशी जाऊन कोकण रेल्वेला लागते. तिला साधारण एक दिवस आणि वर थोडा वेळ लागतो. गाडी 'विशेष' या सदरात असल्यामुळे तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. म्हणून परतीचे तिकीट काढताना त्या तारखेला गाडी आहे ना, याची खात्री करून घ्यावी. दुसरा मार्ग मुंबईवरून. रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने किंवा दुरांतोने सकाळी मुंबईला उतरावे आणि त्याच सकाळची कोकणातली गाडी पकडण्याची जोखीम न घेता रात्रीच्या कोकणकन्या एक्सप्रेसने पुढे निघावे. मधला दिवस वाया जात नाही. कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल हे मुंबईच्या कॅथलिक आर्चबिशपांचे आसन असून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून टॅक्सीने थोड्या वेळात गाठता येते. फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल वेगळे आणि ते अँग्लिकन परंपरेतले, म्हणजे नागपूरसारखीच जोडी मुंबईतही आहे.

गोव्याचे तिकीट सवयीने मडगावपर्यंत काढले जाते. जुन्या गोव्यासाठी मात्र करमळी हे स्थानक सर्वांत जवळचे. तेथून कॅथेड्रल रिक्षाने काही मिनिटांवर आहे. कोकणकन्या करमळीला थांबते. आपल्या गाडीला करमळीचा थांबा असल्यास तेथेच उतरावे, नाहीतर मडगावहून उलटे यावे लागते.

मुक्काम पणजीत करावा. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलातून सकाळी लवकर निघण्याचा बेत बहुधा बेतच राहतो. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुन्या गोव्याकडे बसगाड्या सतत सुटतात, अंतर सुमारे १० किलोमीटर आहे आणि मांडवीच्या काठाने जाणारा रस्ता पाहण्यासारखा आहे. एकट्या माणसाला 'पायलट', म्हणजे भाड्याने माणूस नेणारी मोटारसायकल, हाही पर्याय आहे.

कपडे, चपला, मेणबत्त्या

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. किनाऱ्यावरून परस्पर आलेल्या, अर्ध्या चड्डीतल्या पुरुषांना दारात अडवले जाते आणि मग कुटुंबातले निम्मे आत, निम्मे बाहेर अशी स्थिती होते. पिशवीत एक ओढणी किंवा पंचा ठेवला तर प्रश्न मिटतो. टोपी आत शिरताना काढावी. चपला काढण्याची मात्र गरज नाही. मराठी माणूस सवयीने पायरीवर चपला सोडतो आणि परत येईपर्यंत त्या उन्हाने तापतात. हार, नारळ, अगरबत्ती आत नेऊ नये. आत जाण्यासाठी शुल्क नाही, दानपेटीत टाकायचे ते आपल्या इच्छेने.

जुन्या गोव्याच्या रस्त्यावर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका आपल्याला गाठणारच. त्यांच्या टोपल्यांत नुसत्या मेणबत्त्या नसतात. मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे, छोटी घरेही असतात. ज्याचा जो अवयव दुखत असेल त्याचा मेणाचा आकार तो नवस म्हणून वाहतो, बाळ हवे असलेली जोडपी मेणाचे बाळ घेतात. नवसाची ही रीत पाहून आपल्याकडच्या माणसाला आश्चर्य वाटू नये. सांधेदुखीवर चांदीचा पाय वाहणारे आपल्याकडेही आहेत. घ्यायचे असेल तर भाव आधी विचारावा, आणि मेणबत्ती नेमून दिलेल्या जागीच लावावी, कारण आत सगळीकडे जुने, सोन्याचा मुलामा दिलेले लाकूड आहे.

फोटोंबाबत दारावरचा फलक वाचून त्याप्रमाणे वागावे. फलक नसला तरी फ्लॅश वापरू नये, वेदीला पाठ करून माणसांचे फोटो काढू नयेत आणि मिस्सा, लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर मोबाइल खिशातच राहू द्यावा.

सकाळी आधी बाहेरून

कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचे ऊन थेट त्यावर पडते. रस्त्यापलीकडची बासिलिका पश्चिमाभिमुख आहे. तिचा दर्शनी भाग दुपारनंतर उजळतो. म्हणून क्रम असा ठेवावा : सकाळी कॅथेड्रल, दुपारनंतर बासिलिका. सहलीच्या बसगाड्या नेमका उलटा क्रम धरतात, कारण सगळ्यांना आधी झेवियरची पेटी पाहायची असते. त्यामुळे सकाळी नऊच्या सुमारास कॅथेड्रलमध्ये बहुधा निवांतपणा असतो.

थेट दाराशी न जाता चौकाच्या पूर्वेच्या टोकाला उभे राहून पाहावे. डावीकडे मनोरा आहे, उजवीकडे नाही. मूळ आराखड्यात दोन्ही होते. उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये वीज पडून कोसळला आणि पुन्हा कधीच बांधला गेला नाही. त्या वेळेपर्यंत शहर रोगराईने ओस पडत चालले होते आणि वस्ती पणजीकडे सरकत होती. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. एका बाजूने मोकळी राहिलेली ही दर्शनी भिंत त्या उतरत्या काळाचा सर्वांत ठळक पुरावा आहे, आणि अनेक पर्यटक ती पाहून 'काम अर्धवट राहिले वाटते' असे म्हणून पुढे जातात.

उरलेल्या मनोऱ्यात पाच घंटा आहेत आणि त्यातली मोठी 'सोनेरी घंटा' गोव्यातली सर्वांत मोठी मानली जाते. मुख्य दारावरच्या लॅटिन लेखात १५६२ साल आणि पोर्तुगालचे राजा दों सेबास्तियांव यांचा उल्लेख आहे. बांधकाम त्या साली सुरू झाले, मुख्य इमारत १६१९ च्या सुमारास पुरी झाली आणि वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. म्हणजे ज्या गवंड्याने पाया घातला त्याच्या नातवा-पणतवांनी आतला मुलामा पाहिला असेल.

भिंतींचा पांढरा रंग नीट पाहावा. दगड कोकणातला जांभाच आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा देऊन तो वेळोवेळी पांढरा करतात. समोरची बासिलिका लाल दिसते कारण तिचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला गेला. जांभा उघडा ठेवणे बरे की झाकणे, हा वाद आजही चालू आहे. बासिलिकेच्या भिंतींवरचे झिजलेले, भोके पडलेले दगड जवळून पाहिल्यावर मला तरी झाकणाऱ्यांचे म्हणणे पटते.

आतून : घाई न करता

आत शिरल्यावर आधी शेवटच्या बाकावर बसावे. बाहेरच्या प्रखर उजेडातून आल्यावर डोळे आतल्या उजेडाला सरावायला काही मिनिटे लागतात, आणि त्याआधी चालत सुटले तर पुढची सोनेरी वेदी सोडून काहीच दिसत नाही. डोळे स्थिरावले की रचना कळू लागते : मधले उंच दालन, त्यावर कमानीचे लांबट छत, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांपलीकडे दोन बाजूची दालने आणि त्यांना लागून दोन्हीकडे चार-चार छोटी प्रार्थनागृहे. बाहेरचा साधा, भारदस्त टस्कन घाट आत येताच बदलतो आणि खांबांच्या शिरोभागी कोरलेली पाने दिसू लागतात. ती कोरिंथियन शैली.

पुढचा क्रम मी असा सुचवतो. प्रवेशाजवळचे बाप्तिस्म्याचे दगडी कुंड आधी पाहावे. ते या इमारतीहून जुने, १५३२ सालचे असल्याचे सांगतात, आणि स्वतः झेवियरने ते वापरले अशी परंपरा आहे. मग उजवीकडच्या दालनातून पुढे जावे. तेथील एका प्रार्थनागृहाच्या तोंडाशी कोरीव जाळीचे लाकडी दार आहे आणि आत 'चमत्काराचा क्रूस' आहे. १६१९ मध्ये या क्रूसावर ख्रिस्ताचे दर्शन झाले अशी श्रद्धा असून तो आकाराने वाढत गेला असेही भाविक मानतात. जाळीजवळ थांबून तिच्या कोरीवकामाकडे थोडा वेळ द्यावा, कारण युरोपातल्या नमुन्यावर इथल्या सुताराचा हात फिरला की काय होते ते या लाकडात दिसते. येथे लोक मनापासून प्रार्थना करत उभे असतात. त्यांच्या आणि क्रूसाच्या मधून जाऊ नये.

नंतर मुख्य वेदी. ही या भेटीतली सर्वांत समृद्ध जागा आहे, आणि येथे वीस मिनिटे सहज जातात. मागची भिंत खालपासून वरपर्यंत कोरलेली आणि सोन्याच्या मुलाम्याने मढवलेली आहे. तिच्यावर सेंट कॅथरीनच्या चरित्रातले प्रसंग कोरलेले आहेत, म्हणून कथा माहीत असल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. कथा थोडक्यात अशी : चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियात राहणाऱ्या या तरुण विदुषीने रोमन सम्राटाला मूर्तिपूजेवरून जाब विचारला, सम्राटाने पंडितांना तिच्याशी वाद घालायला बसवले आणि तिने त्यांनाच निरुत्तर केले, मग तिला खिळे ठोकलेल्या चाकावर मारण्याचे ठरले, चाक मोडून पडले, आणि अखेर तिचा शिरच्छेद झाला. त्या प्रसंगांचा माग घेत नजर फिरवावी. मोडलेले चाक ही तिची खूण असून जगभरात तिची मूर्ती त्यावरूनच ओळखतात.

वेदीच्या पुढे, लोकांच्या बाजूला, दुसरी साधी वेदी दिसेल. मोहननगरला जाऊन आलेल्याला तिचा उलगडा लगेच होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) धर्मगुरू लोकांकडे तोंड करून आणि लोकांच्या भाषेत मिस्सा करू लागले. त्याआधी ते भिंतीला लागून असलेल्या वेदीकडे तोंड करून, लॅटिनमध्ये मिस्सा करत. जुने बांधकाम न पाडता पुढे नवी वेदी मांडली की दोन्ही काळ एकाच जागी दिसतात. आर्चबिशपांचे आसनही याच परिसरात आहे. कठड्याच्या आत जाऊ नये.

परतताना डावीकडच्या दालनातून यावे. त्या बाजूला पवित्र संस्काराचे प्रार्थनागृह आहे, तेही जाळीच्या दाराआड. येथे बोलणे पूर्ण बंद ठेवावे, कारण कॅथलिक श्रद्धेनुसार पवित्र संस्कारात ख्रिस्ताची प्रत्यक्ष उपस्थिती असते आणि लोक मूक आराधना करत बसलेले असतात. लहान मुले कंटाळली असतील तर एकाने त्यांना बागेत न्यावे आणि दुसऱ्याने येथे थांबावे.

चौकाचा दुसरा इतिहास

कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या जागेच्या बाजूला एके काळी आदिलशाही वाडा होता आणि पुढे त्यातच गोव्याचे इन्क्विझिशन बसले. हे धर्मन्यायालय १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. शिक्षेच्या जाहीर समारंभांच्या वेळी से कॅथेड्रलची मोठी घंटा वाजत असे, असे इतिहास सांगतो. आदिलशाही बांधकामापैकी आज एक कोरीव कमान उरली आहे. ती सेंट कॅजेटन चर्चच्या वाटेवर दिसते आणि तिचा घाट पाहताच ती पोर्तुगीजांची नाही हे कळते.

याच काळात तिसवाडी, साष्टी आणि बारदेशातली देवळे पाडली गेली आणि अनेक देव खाडीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नसलेल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेले गेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. नागपूरची कितीतरी कुटुंबे गोव्यात या देवळांना जातातच. म्हणून माझी सूचना अशी, की फोंड्याचा कार्यक्रम कॅथेड्रलच्या दुसऱ्या दिवशी ठेवावा. मंगेशी आणि से कॅथेड्रल एकाच बसने, एकाच दुपारी उरकले तर दोन्ही केवळ 'सुंदर' वाटतात. एकापाठोपाठ दोन दिवस, हा इतिहास माहीत असताना पाहिले तर दोहोंचा संबंध लक्षात येतो.

उरलेला दिवस

कॅथेड्रलच्या पश्चिमेला लगतच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आहे. सध्याची इमारत १६६१ ची असली तरी तिचे काळ्या दगडाचे प्रवेशद्वार आधीच्या चर्चमधले, म्हणजे या परिसरातल्या सर्वांत जुन्या अवशेषांपैकी आहे. आतली जमीन जुन्या थडग्यांच्या शिळांनी फरसबंद केलेली असून त्यांवर घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत. त्याच्या मठात पुरातत्त्व संग्रहालय आहे. तेथे व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग पाहायला मिळते. सगळ्यांचे चेहरे सारखेच त्रासलेले दिसतात.

जेवणानंतर, साडेतीनच्या पुढे, बासिलिका. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनजवळच्या सांचान बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला. त्यांची चांदीची पेटी उंचावर आहे, त्यामुळे वृद्धांना ती नीट दिसत नाही; खालचा संगमरवरी चौथरा मात्र सर्वांना दिसतो, आणि तो तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराकडून करवून पाठवलेला आहे. पायांत बळ असेल तर तेथून टेकडी चढून सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्यापर्यंत जावे. ४६ मीटर उंच मनोऱ्याचा काही भाग तेवढा उभा आहे. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले आणि भारताने ते २०२१ मध्ये जॉर्जियाला भेट दिले. चढ सोपा आहे, पण सावली कमी आहे. पाणी खालूनच भरून घ्यावे.

ज्यांना चढायचे नसेल त्यांनी व्हाइसरॉयांच्या कमानीखालून मांडवीच्या धक्क्यावर उतरावे. तेथून दिवाडी बेटाची फेरीबोट सुटते, पलीकडे जायला काही मिनिटे लागतात आणि त्याच बोटीने परतही येता येते. पणजीकडे जाणाऱ्या बसगाड्या मुख्य चौकात मिळतात. संध्याकाळी कामावरून घरी जाणाऱ्यांची त्यांत गर्दी होते, म्हणून वयस्कर माणसे बरोबर असतील तर साडेपाचच्या आत बसमध्ये बसावे किंवा टॅक्सी आधीच सांगून ठेवावी.